एकच नाकपुडी चोंदते? सडक अर्जुनीहून निदानापर्यंतची वाट

सर्दी सहसा दोन्ही नाकपुड्या धरते. तीन-चार आठवडे एकच बाजू चोंदलेली असेल, त्याच बाजूने घोळणा फुटत असेल, वास कमी झाला असेल, तर थेंब टाकत बसू नका. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: नाकातलं वाकडं हाड किंवा कोंब (पॉलिप). पण क्वचित तिथे मज्जातंतूंशी नातं असलेली गाठ असते. त्यातली श्वानोमा बहुधा साधी. ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा मात्र वासाच्या अस्तरातून उगवणारा कर्करोग आहे.

१. घरची पारख : स्टीलचा थंड चमचा नाकाखाली धरून श्वास सोडा. वाफ दोन्हीकडे सारखी धरते का? मग एकेक नाकपुडी दाबून, डोळे मिटून सुक्या मोहफुलांचा किंवा साबणाचा वास घ्या. कापूर, बाम नको. त्यांची झिणझिण दुसऱ्याच मज्जातंतूला कळते आणि फसगत होते.

२. दाखवणं : सडक अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन कोहमारामार्गे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग गाठा. तिथे दुर्बिणीने नाक तपासतात.

३. आधी स्कॅन, मग तुकडा (बायोप्सी) : सीटीत हाड किती झिजलं ते दिसतं, एमआरआयमध्ये मेंदू आणि डोळ्याकडचा पसारा. हा क्रम मोडू नका, नाहीतर तुकडा काढणं धोक्याचं ठरू शकतं: कधी ती ‘गाठ’ म्हणजे खाली उतरलेलं मेंदूचं आवरण असतं, कधी रक्ताने भरलेली गाठ.

४. तुकड्याची तपासणी : सिनॅप्टोफिझिन, एस-१०० अशा विशेष रंग-चाचण्या मागतात. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक जपून ठेवा.

५. टप्पा : कर्करोग निघाला तर त्याचा पसारा कॅडिश पद्धतीने ठरवतात: ए म्हणजे फक्त नाकात, बी म्हणजे सायनसपर्यंत, सी म्हणजे त्यापलीकडे. मानेच्या गाठीही तपासून घ्या.

६. उपचार : श्वानोमा पूर्ण काढली की बहुधा भागतं. कर्करोगात शस्त्रक्रिया, त्यानंतर बहुतेकांना रेडिएशनचा शेक. आजार पसरला असेल तर किमोही. त्यासाठी नागपूरचं कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा स्मारक गाठा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

७. पाठपुरावा : हा कर्करोग दहा वर्षांनीही उलटू शकतो. बरं वाटलं म्हणून तपासणी थांबवू नका, फाईल फेकू नका.

एकच नाकपुडी तीन-चार आठवडे चोंदलेली असेल, तर आणखी वाट पाहू नका. या आठवड्यातच दाखवून या.