फ्लॉरेन्सचा एक दिवस मुलांना द्यावा

कळंबा, कोल्हापूर

चि. भाचीस,

मे महिन्यातल्या युरोपच्या सहलीचा कागद नीट वाचला. दहा दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. बसची वेळ आहे, हॉटेलचं नाव आहे, जेवणाची सोयही आहे. सोळा वर्षांच्या मुलानं आणि तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतः ठरवावं असं मात्र त्या कागदावर काहीच नाही. म्हणून सांगणं एवढंच, की दोन शहरं कमी कर आणि फ्लॉरेन्सचा एक पूर्ण दिवस मुलांच्या हाती दे.

फ्लॉरेन्सच का, हे कोल्हापूरच्या लेकीला कळायला हवं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली युरोपला गेले तेव्हा वीस वर्षांचे होते, म्हणजे तुझ्या मुलाहून चारच वर्षांनी मोठे. इंग्लंडमध्ये त्यांनी पार्लमेंट पाहिलं, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली आणि रोजनिशी लिहिली, तीही इंग्रजीत. मात्र परतीच्या प्रवासात तब्येत बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. ते शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथं मृतदेहाला अग्नी देण्याची रीत नव्हती, त्यामुळे खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. ती रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून 1872 मध्ये लंडनला छापली. दोनच वर्षांनी संगमाजवळ छत्री उभी राहिली. तिच्यात महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, फेटा आणि दागिन्यांसह. तिथले लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात आणि शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडलंय.

ही छत्री काशिने बागेच्या पश्चिम टोकाला आहे. बाग तीन किलोमीटरहून लांब, त्यामुळे टूरवाल्यांच्या बसच्या वाटेवर ती सहसा येत नाही. हेच बरं आहे. ती जागा शोधायचं काम मुलांना द्यावं. नकाशा त्यांचा, ट्राम कुठं सोडायची हे त्यांनी बघायचं, भाड्याची सायकल घ्यायची की नदीकाठानं चालायचं हेही त्यांनीच. आईबापांनी मागून यावं. वाट चुकली तरी लगेच फोन काढून दाखवू नये, विचारून विचारून पोरं बरोबर पोचतात.

या वयाची मुलं सहलीत चिडचिडी होतात, तेव्हा आपण मोबाइलला दोष देतो. पुष्कळदा खरं कारण झोपेचं असतं. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच मागं सरकतं, त्यामुळे रात्री लवकर डोळा लागत नाही. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. म्हणजे इथं आठला उठणारा मुलगा पहिल्या दिवशी तिथं पहाटे साडेचारला टक्क जागा असेल. तेव्हा सकाळची तिकिटं पहिल्या दोन दिवसांतच उरकावीत. पुढं शरीर तिथल्या वेळेला रुळलं की सकाळी दहाच्या आत त्यांना बाहेर ओढू नये. आणि मूल ‘बरं वाटत नाही’ म्हणालं, तर त्या दिवसाचं तिकीट सरळ सोडून द्यावं. पैसे गेले तर गेले.

संग्रहालयांचंही असंच. इटलीतली सरकारी संग्रहालयं अठरा वर्षांखालच्यांना मोफत आहेत, परदेशी मुलांनासुद्धा. पॅरिसच्या लूव्हरमध्येही तीच सवलत. वयाचा पुरावा जवळ हवा आणि गर्दीच्या ठिकाणी वेळ आधी आरक्षित केलेली हवी. पण फुकट आहे म्हणून चार तास दालनांमागून दालनं फिरवू नयेत. फ्लॉरेन्सचं उफित्सी संग्रहालय सोमवारी बंद असतं, हे दिवस ठरवताना लक्षात असू दे. तिथल्याच आकादेमिया संग्रहालयात मायकेलँजेलोचा डेव्हिड पाच मीटरहून उंच आहे, आणि ते काम हाती घेतलं तेव्हा मायकेलँजेलो सव्वीस वर्षांचा होता. मुलांना एवढंच सांगावं आणि गप्प बसावं. त्यांना त्या एका पुतळ्यापाशी अर्धा तास थांबायचं असेल तर थांबू द्यावं.

रोजच्या खर्चाचे थोडे युरो दोघांच्या हातात वेगवेगळे द्यावेत आणि त्यांचा हिशेब मागू नये. मुलगी सगळे जेलातोवर उडवेल. उडवू दे.

आता कागदपत्रांचं. लहानांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो आणि मुदत कधी संपली ते घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. शेंगेन देशांतून बाहेर पडल्यानंतरही तो किमान तीन महिने चालू हवा. बारा वर्षांपुढच्या मुलांना व्हिसाची फी मोठ्यांइतकीच म्हणजे 90 युरो पडते आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात, म्हणून अर्जाच्या दिवशी दोघांनाही शाळा बुडवून न्यावं लागेल. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. एप्रिलपर्यंत थांबू नकोस.

व्हिसाची तारीख ठरली की एका शनिवार-रविवारी मुलांना इकडे आण. महाराजांच्या नावे ओळखलं जाणारं राजाराम कॉलेज त्यांना बघू दे. टाउन हॉल आणि न्यू पॅलेस दोन्ही दाखव. दोन्ही इमारती मेजर मँटनं आखल्या, आणि फ्लॉरेन्सच्या छत्रीचा आराखडाही त्याचाच. मग तिकडे त्या छत्रीखाली उभं राहिल्यावर ती कुणाच्या हातची, हे मुलांना तुला सांगावं लागणार नाही. येण्याआधी दोन दिवस फोन कर, म्हणजे मुक्काम कळंब्यालाच करता येईल.

तुझा
मामा