पाटी नको, पडदे बघा

मँडोलिन शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील पहिल्याच भेटीत विचारतात, "सर, कारखान्यातलं घ्यावं की हाताने बनवलेलं?" उत्तर बहुतेकांनी मनाशी आधीच ठरवलेलं असतं. हातचं ते खरं, कारखान्यातलं ते कामचलाऊ, आता फक्त पैशांचं जमवायचं. वाद्यवृंदात उभा जन्म काढलेली मंडळीसुद्धा हेच सांगतात. मी असं छातीठोकपणे सांगत नाही, आणि त्याला कारण माझ्याकडे आलेलं एक मँडोलिन आहे.

ते मी एका कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलं होतं. माणूस सज्जन, लाकडाची जाण असलेला. वरच्या फळीला त्याने सरळ, दाट रेषांचं स्प्रूस लावलं होतं, पाठ मेपलची. मोकळ्या तारांवर पिक फिरवली की आवाज खोलीभर पसरायचा. असा भरदार ट्रेमोलो मला आधीच्या कुठल्याच वाद्यावर मिळाला नव्हता. तालमीत पेटीबरोबर वाजवायला बसलो आणि दुसऱ्याच अंतऱ्याला गायिकेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मोकळी तार पेटीला तंतोतंत लागलेली, पाचव्या पडद्यावर सूर किंचित उतरलेला, नवव्यावर चढलेला. घोडी पुढेमागे सरकवून पाहिली. पण सगळे पडदे एकाच प्रमाणात चुकले असतील तरच घोडीने दुरुस्ती होते. इथे एक पडदा अलीकडे होता, दुसरा पलीकडे. कारागिराला विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. एका जुन्या वाद्यावर कागद ठेवून त्याने पडद्यांच्या खुणा उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक खुणेला पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक झाली होती, आणि ती माझ्या वाद्यात जशीच्या तशी उतरली होती.

एवढ्याशा चुकीने काय बिघडतं, असं वाटेल. मँडोलिनच्या तारेची वाजती लांबी साधारण 35 सेंटिमीटर असते. प्रत्येक पडद्याची जागा काढण्यासाठी उरलेल्या लांबीला सुमारे 17.817 ने भागायचं. त्या हिशोबाने पहिला पडदा 19.6 मिलिमीटरवर बसतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 175 मिलिमीटरवर. वर जाऊ तसे पडदे जवळ जवळ येतात. अकराव्या आणि बाराव्यात जेमतेम 10 मिलिमीटर उरतात. तिथे एक मिलिमीटर चुकला, की सा ते कोमल रे या अंतराचा दहावा हिस्सा चुकला, आणि तयार कानाला तो लगेच टोचतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवून सूर जुळवता येतो. व्हायोलिनला पडदेच नाहीत, तिथे बोट कानाचं ऐकतं. मँडोलिनचे पडदे मात्र फळीत खाचा पाडून ठोकून बसवलेले असतात. चुकले ते कायमचे, नाहीतर बोटाखालची अख्खी फळी नवी बसवायची. शेवटी मला तेच करावं लागलं.

आणि नेमक्या याच कामात कारखाना चुकत नाही. तिथे पडद्यांच्या खाचा यंत्राच्या करवतीने ठरल्या मापावर पडतात, त्यामुळे अगदी स्वस्तातल्या वाद्यावरही पडद्यांची जागा सहसा बरोबर सापडते. मुलाचा कान पहिल्या दोन वर्षांत तयार होतो, आणि तो बेसूर पडद्यांवर तयार झाला तर पुढे फार त्रास होतो. म्हणून नवशिक्याला मी बिनदिक्कत कारखान्यातलं वाद्य घ्यायला सांगतो. त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही.

पण कारखाना कुठे कमी पडतो तेही नीट समजून घ्या. पहिली गोष्ट वरच्या फळीची. मँडोलिनचा बराचसा आवाज तिच्यातून येतो. स्वस्त वाद्यात ती प्लायवूडची असते. त्याच्या वरच्या प्रकारात अखंड लाकूड तापवून, दाबून बाक दिलेला असतो. सगळ्यात चांगली ती जाड फळीतून कोरून काढलेली. दुकानात हे ओळखायला कुणाला विचारायची गरज नाही. फळीवर जी इंग्रजी एफच्या आकाराची किंवा गोल भोकं असतात, त्यांची कड उजेडात धरून बघा. वरून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. कडेला एकावर एक थर दिसले, किंवा कडेवर काळा रंग थापलेला असला, तर प्लाय समजा. काळ्या रंगाखाली अखंड लाकूडही निघू शकतं, पण विकणाऱ्याने ते दाखवून द्यावं, आपण गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट फळीच्या जाडीची, आणि माझ्या मते हातातल्या कलेचा खरा कस इथे लागतो. कोरलेली फळी मधोमध साडेचार-पाच मिलिमीटर असते आणि कडेकडे तीनच्या आसपास उतरत जाते. पण हे आकडे अंदाजाचे. एकाच झाडातून निघालेल्या दोन फळ्या सारख्या ताठ नसतात. जाणता कारागीर फळी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवतो, टिचकी मारून कानाशी नेतो, आणि या फळीला अजून थोडं रंधून चालेल की नाही ते ठरवतो. यंत्राला दिलेलं माप सगळ्या फळ्यांना एकच. शिवाय आठ तारांचा मिळून ताण 70 ते 80 किलोच्या घरात जातो. फळी खचली तर वाद्य हमीखाली परत येणार, म्हणून कारखाना सावधपणे ती थोडी जाडच ठेवतो. अशी वाद्यं वर्षानुवर्षं टिकतात, सुरात असतात, आणि आवाज मात्र आतल्या आत राहतो. वाजवणाऱ्याला तो ऐकू येतो, तिसऱ्या रांगेत पोचत नाही.

एवढं वाचून कुणी पुन्हा हातच्या वाद्याकडे वळणार असेल तर त्याने इतिहास जरूर बघावा. आज मँडोलिनमध्ये ज्याची सर्वांत जास्त नक्कल होते ते गिब्सनचं एफ-5, आणि ते कारखान्यातच जन्मलं. गिब्सन कंपनी 1902मध्ये मिशिगनमधल्या कॅलामाझू गावात उभी राहिली. 1919मध्ये तिथे लॉइड लोअर नावाचा वादक आणि ध्वनीचा अभ्यासक आला. 1922मध्ये त्याच्या देखरेखीखाली एफ-5 बाजारात आलं आणि 1924 संपता संपता तो कंपनी सोडून गेला. त्या वाद्यांवर लोअरच्या सहीची चिठ्ठी असते, पण कोरणारे हात कारखान्यातल्या कामगारांचे होते. फळ्यांचा सूर तपासून घेण्याची शिस्त त्याची. ही वाद्यं आज लाखाहून जास्त डॉलरला जातात. तो गेल्यावर कारखाना तोच राहिला, नाव तेच राहिलं, तपासणारा कान राहिला नाही. पुढे जुन्या लोअरच्या वाद्यांची मापं घेऊन ती पुन्हा घडवण्याचं काम लहान लहान कार्यशाळांतल्या एकेकट्या कारागिरांनी केलं.

ब्लूग्रास संगीताचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या मँडोलिनवरची सही 9 जुलै 1923ची आहे. त्यांनी ते 1940च्या दशकाच्या मध्यात मायामीतल्या एका केशकर्तनालयात 150 डॉलरना घेतलं. पुढे दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवलं, ते मनासारखं होऊन परत आलं नाही, तेव्हा त्यांनी वाद्याच्या माथ्यावरचं कंपनीचं नाव चाकूने खरवडून टाकलं. 1985मध्ये कुणीतरी घरात घुसून लोखंडी सळईने त्या मँडोलिनचे तुकडे केले. त्या वेळी त्याच कंपनीतल्या एका कारागिराने ढलप्या जुळवून जुळवून ते पुन्हा उभं केलं, आणि मन्रो ते पुढे अखेरपर्यंत वाजवत राहिले. एकाच कंपनीत दोन वेळा गेलेलं एकच वाद्य. एकदा वैतागून नाव खरवडावं असं काम झालं, एकदा जीव ओतून. वाद्य कोणाच्या हाताखालून गेलं हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

उलट बाजूचा दाखला इटलीत आहे. नेपल्समध्ये विनाचा आणि कालाचे या घराण्यांनी फुगीर पाठीची उत्तम मँडोलिन घडवली, आणि त्याच काळात सिसिलीतल्या कातानियातून स्वस्त मँडोलिनांचे ढीगच्या ढीग बाहेर पडत होते. तीही हातानेच बनत. गोव्यातल्या जुन्या घरांतून अशी फुगीर पाठीची वाद्यं कधीमधी माझ्याकडे दुरुस्तीला येतात. आजोबांचं, हातचं, इटलीचं, म्हणून लोक मोठ्या आशेने आणतात. काहींची दांडी पुढे झुकलेली असते, तारा पडद्यांपासून बोटभर वर गेलेल्या असतात. मला ते सांगताना वाईट वाटतं, पण आठवण म्हणून जपा, मुलाच्या हातात शिकायला देऊ नका, असंच सांगावं लागतं.

शिवाय आता "हातचं" आणि "कारखान्यातलं" यांच्यामधली भिंत पूर्वीसारखी राहिलेली नाही. बीजिंगमध्ये ईस्टमनच्या कार्यशाळेत फळ्या कारागीर हाताने कोरतात. टेक्सासमधल्या कॉलिंग्जकडे बरंचसं कोरीवकाम संगणकावर चालणारी यंत्रं करतात आणि शेवटचा हात माणूस फिरवतो. दोन्हीकडची वाद्यं व्यासपीठावर वाजवणाऱ्यांच्या हातात दिसतात. आणि तुम्हाला यू. श्रीनिवास यांच्यासारखं इलेक्ट्रिक वाजवायचं असेल तर हा वादच जवळजवळ मिटतो. त्यांच्या भरीव मँडोलिनला जोडतारा काढून पाच सुट्या तारा होत्या, आणि आवाज फळीपेक्षा पिकअपमधून जास्त येत होता.

आता खरेदीकडे वळू. कारखान्यातलं वाद्य बहुधा अर्धवट अवस्थेत आपल्यापर्यंत येतं, कारण शेवटचं तासाभराचं हातकाम खर्चिक असतं आणि तेच वाचवलेलं असतं. नटमधल्या, म्हणजे माथ्याजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यातल्या, खाचा उथळ ठेवलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या पडद्यावर तार दाबताना ती इतकी ताणली जाते की सूर चढतो. मुलाच्या बोटांना वळ पडतात ते वेगळंच. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर नजर टाका. तार आणि पडदा यांत कागदाच्या जाडीएवढीच फट हवी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असावी. घोडी मँडोलिनला चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते, म्हणून तिचा तळवा फळीच्या बाकाला पूर्ण टेकला पाहिजे. तळव्याखालून कागद सरकत असेल किंवा उजेड दिसत असेल तर तिथे आवाज गळतो. तो तळवा फळीवर पॉलिश पेपर ठेवून घासून बसवता येतो. ही सगळी कामं करून घ्यायला वाद्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे वेगळे काढून ठेवा. स्वस्तातलं वाद्य नीट जुळवून घेतलं तर महागातल्या न जुळवलेल्या वाद्याहून सरस वाजतं, हे मी माझ्याच वर्गात पाहत आलो आहे.

हातचं घेणार असाल तर आधी ट्यूनर लावा, मग आवाजाला भुला. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर एक असला पाहिजे. मग पाचवा, सातवा, नववा असा प्रत्येक पडदा चारही जोडतारांवर तपासा. कारागिराला विचारा की पडद्यांचं माप कुठून घेतलं, लाकूड किती वर्षं मुरवलं, जोड कशाने चिकटवले. सरसाने चिकटवलेला जोड उष्णतेने आणि ओलीने सुटू शकतो, पण म्हणूनच तो नीट उघडून दुरुस्तही करता येतो. कारखान्यातले कृत्रिम गोंदाचे जोड पक्के असतात आणि उघडायची वेळ आली तर लाकूड फाटतं. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्याचा विचार आधीच करावा. फळी ओल धरून फुगते, तारा वर चढतात. पुण्याकडे एप्रिल-मेमध्ये उलट होतं, बोटाखालची फळी आकसते आणि पडद्यांची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला लागतात. कारखाना हजारो मैलांवर असतो. हातचं वाद्य करणारा माणूस जवळच्या गावात असेल, तर पहिल्या पावसाळ्यानंतर वाद्य एकदा विनामूल्य जुळवून देण्याचं बोलणं पैसे देण्याआधी करा आणि पावतीवर लिहून घ्या.