डोमेन नावाची पारख

धान्याच्या पोत्याचा भाव कोणी बाहेरची शिवण पाहून ठरवीत नाही. आतला मूठभर नमुना हातावर घेतल्यावरच तो ठरतो. इंटरनेटवरील दुकानाची पाटी, जीस 'डोमेन नाव' म्हणतात, तिचीही पारख अशीच करावी लागते. आमच्या व्यापारी बांधवांची मुले आता या व्यवहारात पडत आहेत. म्हणून आमचा एक अनुभव येथे नोंदवीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी एका दलालाने आमच्या चिरंजीवांस 'आजचा ज्वारी भाव' या अर्थाचे नाव चाळीस हजार रुपयांस देऊ केले. त्याचे म्हणणे असे, की हे शब्द पुष्कळ लोक गूगलवर शोधतात आणि गूगलच्या 'कीवर्ड प्लॅनर'मध्ये त्यांपुढे स्पर्धा 'कमी' दाखविली आहे. तेव्हा मैदान मोकळे आहे. चिरंजीव पैसे मोजण्यास निघाले होते.

आम्ही एवढेच विचारले, "ही स्पर्धा कोणाची?" चौकशीअंती कळले, की त्या रकान्यातील कमी, मध्यम व जास्त हे शेरे जाहिरातदारांविषयी असतात. त्या शब्दांवर जाहिरात लावण्यास किती जण बोली करतात, इतकेच ते सांगतात. शोधाच्या निकालांत वर येणे सोपे की अवघड, हे त्यांवरून कळत नाही. लिलावात बोली करणारे थोडे दिसले, तर माल स्वस्त पडला म्हणून आनंद मानण्यापूर्वी गिऱ्हाईक का नाही, हे पाहावे. येथे कारण उघड होते. भाव विचारणारा भाव ऐकून घरी जातो. तो खरेदीस आलेला नसतो. शिवाय निकालांचे पहिले पान उघडले, तर तेथे सरकारी संकेतस्थळे व वर्तमानपत्रे ठाण मांडून बसलेली! आम्ही व्यवहार मोडला. चिरंजीव चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

यावरून तीन गोष्टी निरनिराळ्या तोलाव्यात. पहिली, शब्द किती लोक शोधतात. दुसरी, शोधणारा खरेदीस आला आहे की नुसत्या चौकशीस. जाहिरातदारांची स्पर्धा व त्यांच्या बोलीचा दर ही याची खूण होय. तिसरी, पहिल्या पानावर कोण बसले आहे. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. शोधात एकूण किती पाने सापडली म्हणून जो आकडा दिसतो, तो अदमासाचा असतो. त्यावर विसंबू नये.

नाव शोधशब्दांशी तंतोतंत जुळले की दुकान आपोआप वर येते, ही समजूतही आता चालत नाही. निकृष्ट मजकुराच्या अशा स्थळांस खाली ढकलणारा बदल गूगलने सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर केला. चांगल्या नावास मोल येते, हे खरे. 'बिझनेस डॉट कॉम' १९९९ साली ७५ लाख डॉलरांस विकले गेले. परंतु 'पेट्स डॉट कॉम' असे सुटसुटीत नाव असलेली अमेरिकन कंपनी २००० सालीच बंद पडली.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी मिळतेजुळते नाव तर कधीच घेऊ नये. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली डोमेन नावासही व्यापारी नावासारखे संरक्षण मान्य केले आहे.

पुढे चिरंजीवांनी आमच्या पेढीचे व गावाचे साधे नाव काही शे रुपयांस नोंदविले. विचारपूस थोडी येते. पण जी येते, ती माल घेणाऱ्याची असते. नफा त्यातच आहे, असे आमचे नम्र मत आहे.