थंडीत सायकल चालवा, पण दिसा

आपल्याकडची थंडी सायकल घरात लावून ठेवण्याइतकी कडक कधीच नसते. पेण-रोह्याच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतली पहाट १५-१६ अंशांच्या आसपास उतरते, एखाद्या वर्षी थोडी आणखी खाली, आणि दुपारी पारा पुन्हा तिशीच्या घरात जातो. चार महिने पाऊस, मग ऑक्टोबरचा उकाडा, मार्चपासून घामाच्या धारा. सायकलवाल्याला खरं सुख दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच. तरीही मला सायकलवर झालेला मोठा अपघात याच सुखाच्या दिवसांत झाला. ओळखीपाळखीच्यांच्या पडण्याच्या हकिगती ऐकते तेव्हा त्याही बहुतेक नाताळ ते संक्रांत या काळातल्या असतात. आपण स्वेटर, कानटोपी, मफलर यांची तयारी करतो. गारठ्याबरोबर अंधार, धुकं आणि दवही येतं, त्याची तयारी कुणी करत नाही.

माझं माहेर रोह्याचं. वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, धाटावच्या एमआयडीसीत पाळीने कामाला होते. पहिल्या पाळीला सहाच्या सुमारास घर सोडावं लागे. अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडायचा, रोहा मागे टाकायचं आणि कोलाडच्या रस्त्याला लागायचं. आप्पा आणि त्यांचे सोबती पुलावर एकमेकांची वाट बघत आणि एका ओळीत निघत. ज्याचा डायनामो चांगला तो पुढे, ज्याची मागची लाल काच शाबूत तो शेवटी. डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड होतं, म्हणून अनेक जण तो उचलूनच ठेवत. आप्पांना ते चालत नसे. दिवा हा समोरच्यासाठी असतो, आपल्यासाठी नाही, असं ते सांगत. तेव्हा ते लक्षात आलं नव्हतं. त्या जुन्या दिवसांत महाराष्ट्रातल्या गावोगावी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस अडवत. बिल्ला गेला, अडवणारा पोलीस गेला आणि त्यांच्या मागोमाग सायकलीचा दिवाही गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लग्न होऊन पेणला आले. इथे एका गणपतीच्या कारखान्यात हिशेब लिहिते. लोकांना वाटतं आमचं काम भाद्रपदापुरतं, पण पेण, हमरापूर, जोहे या भागात वर्षभर मूर्ती घडतात आणि हिवाळ्यातही सकाळपासून माणसं कामावर असतात. माझं घर हायवेच्या पलीकडे. कामावर जाणं, येताना भाजी, दळण, कधी पापडाची पोती, कधी स्टेशनवर कुणाला द्यायचे पोहे, सगळं सायकलवर. पेट्रोल नाही, पार्किंगची कटकट नाही, बाजाराच्या गल्लीत थेट दुकानासमोर उभं राहता येतं. ही सोय मी सोडणार नाही, अपघातानंतरही सोडली नाही. म्हणूनच हे लिहिते आहे.

संक्रांत जवळ आली होती. पेणच्या पूर्वेला डोंगर, त्यामुळे उजाडायला आधीच उशीर, त्यात भोगावतीच्या बाजूने धुकं दाटलेलं. कॅरिअरवर गिरणीत टाकायची तांदळाची पिशवी आणि तिच्यावर आडवी दुसरी पिशवी होती. मागच्या मडगार्डवर लाल बत्ती होती, ती चालू होती. मागून आलेल्या पिकअप टेम्पोची कड खांद्याला लागली आणि मी रस्त्याकडेच्या खडीत जाऊन पडले. हासळीचं हाड मोडलं. तो गाडीवाला पळाला नाही. त्यानेच उचललं, त्याच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं आणि तिथे बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिला, “ताई, बत्ती नाहीच दिसली मला.”

तो खरं बोलत होता. चार दिवसांनी माझ्या दिराने त्याच पिशव्या तशाच बांधून सायकल अंधारात अंगणात लावली आणि लांब जाऊन मागून टॉर्च मारला. वरच्या पिशवीचं टोक खाली लोंबून बरोबर बत्तीवर आलं होतं. रिकाम्या सायकलीवर लखलख दिसणारी बत्ती भरल्या सायकलीवर नाहीशी झाली होती. बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकाच्या सायकलीचं हे असंच होतं, कारण बत्ती किंवा लाल रिफ्लेक्टर मडगार्डवर खाली असतो आणि सामान त्याच्या वर, बाजूला, मागे लोंबतं.

यामागचा हिशेब समजून घ्या. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर कापते. गडद स्वेटर घातलेला माणूस गाडीच्या खालच्या दिव्यात साधारण ३० मीटरवर आल्यावर दिसतो, म्हणजे गाडीवाल्याच्या हातात दोन सेकंदही राहत नाहीत. तेवढ्यात बघायचं, ओळखायचं, ब्रेक मारायचा किंवा स्टेअरिंग वळवायचं. अंगावर किंवा सायकलीवर प्रकाश परतवणारी पट्टी असेल तर तोच माणूस शंभर मीटरच्याही पलीकडून दिसतो आणि सेकंद सहा होतात. धुकं यातलं बरंच खाऊन टाकतं, म्हणून धुक्यात पट्टीही हवी आणि स्वतः जळणारी बत्तीही हवी.

बाजारात या पट्टीला रेडियम म्हणतात. गाड्यांचे नंबर रंगवणाऱ्यांकडे, ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते, चहा-वड्याच्या पैशांत सायकल झाकेल एवढी. मागे लाल लावा, पुढे पांढरी, दोन्ही बाजूंना पिवळी. मडगार्डवर लावाच, पण कॅरिअरच्या मागच्या कडेला दोन्ही टोकांशीही लावा. पायडलच्या कडांना जरूर लावा, कारण वर-खाली हलणारा ठिपका गाडीवाल्याला लगेच कळतो की पुढे सायकल आहे, दगड किंवा खांब नाही. आणि ज्या पिशव्या रोज वापरता त्यांच्या मागच्या बाजूलाच एक पट्टी शिवून टाका, म्हणजे पिशवीने बत्ती झाकली तरी पिशवी स्वतः दिसेल. मी बत्तीची जागाही बदलून घेतली. आता ती कॅरिअरच्या शेवटच्या दांडीला आहे आणि सामान जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधते, काही लोंबू देत नाही. पुढचा दिवा थोडा खाली झुकवलेला ठेवा. धुक्यात सरळ मारलेला उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

वेळेबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान होतो, म्हणून त्यानंतर सकाळी लवकर उजाडेल असं आपण धरून चालतो. आपल्या अक्षांशावर तसं होत नाही. वाढलेला दिवस आधी संध्याकाळच्या बाजूला जमा होतो आणि सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहतो, आपल्याकडे जवळजवळ सव्वासातला. म्हणजे सकाळच्या सायकलवाल्यासाठी वर्षातले सर्वांत काळोखे दिवस संक्रांतीच्या आसपासचे. संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्याने मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच जपायला हवं, कारण तेव्हा सूर्य सहाच्या सुमारासच बुडतो.

धुक्याचंही तसंच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओली आणि जवळ पाणी असलं की रात्री थंड होत गेलेल्या जमिनीवर हवेतली वाफ निवून, तिचे बारीक थेंब होऊन धुकं बसतं. वडखळ-गडबचा खारेपाट, नागोठण्याची अंबा, रोह्याची कुंडलिका, सगळीकडे हे जमून येतं. ते उजाडताना आणि त्यानंतरच्या तासाभरात सर्वांत दाट असतं. म्हणून पाळीला जाणाऱ्याचा नाइलाज असला तरी दळण, बँक, बाजार ही कामं साडेआठनंतर काढावीत. घरातल्या मोठ्यांना हे पटवायला लागतं. पहाटे उठून कामं उरकण्याची सवय चांगली, पण ती या दोन महिन्यांत घरातल्या कामांवर खर्च करावी.

दवाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण यावर कुणी बोलताना ऐकलं नाही. आपल्या साध्या सायकलींची रिम लोखंडी, वर चकचकीत मुलामा. ही रिम कोरडी असताना ब्रेकचं रबर नीट पकडतं. ओली झाली की पकड कितीतरी कमी होते, आणि पावसाळ्यात आपण हे जाणून हळू चालवतो. हिवाळ्यात पाऊस नसतो, म्हणून मनात धास्ती नसते. पण रात्रभर अंगणात उभी असलेली सायकल सकाळी दवाने न्हाऊन निघालेली असते. रोह्याला आमच्या आळीतला दूधवाला पहिल्याच उतारावर ब्रेक न लागल्याने किटल्यांसकट गटारावर आदळला होता. तेव्हापासून आप्पा निघण्याआधी फडक्याने दोन्ही रिमा पुसत आणि निघाल्यावर पहिल्या शंभर पावलांत ब्रेक हलके दाबून धरत, म्हणजे उरलेला ओलावा निघून जाई. मीही तेच करते. सायकल शक्यतो पडवीत घ्या. ब्रेकची रबरं पावसाळ्यात झिजून गुळगुळीत झालेली असतात, ती दसऱ्याला सायकल पुजण्याआधीच बदलून घ्या.

दवाने रस्ताही निसरडा होतो, पण सगळीकडे सारखा नाही. गतिरोधकावरचे पांढरे पट्टे, गटारावरच्या लोखंडी जाळ्या, रेल्वे फाटकातले रूळ, पुलावरचे लोखंडी जोड, या जागा डांबरापेक्षा कितीतरी आधी दगा देतात. त्यांवर वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही. रूळ काटकोनातच ओलांडायचे, तिरके गेलात तर चाक अडकतं.

चेनला खोबरेल तेल घालणारी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, कारण ते हाताशी असतं. थंडीच्या सकाळी तेच तेल बाटलीत गोठलेलं आपण बघतो, मग चेनमध्ये आणि कुलपात ते वेगळं काय करणार? शिलाई मशीनला घालतात ते पातळ तेल आणा, पावसाळ्याचा गंज घासून काढा आणि तेल घालून चेन कोरड्या फडक्याने पुसा. खारेपाटाच्या हवेत हे महिन्यातून एकदा तरी करावंच लागतं.

कपड्यांत सगळ्यात जास्त भीती मला शालीची वाटते. बायका पहाटे स्वेटर घालण्याऐवजी शाल पांघरतात किंवा ओढणी डोक्याभोवती गुंडाळून टोक मागे सोडतात. ते टोक मागच्या चाकात गेलं की गळ्याला फास बसतो किंवा चाक जागच्या जागी थांबतं. शाल नकोच. ओढणीची गाठ पोटाशी मारा, मफलरची टोकं स्वेटरच्या आत खोचा. कानटोपी कानांवर घट्ट ओढली तर मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, त्यापेक्षा कान अर्धे उघडे राहतील असा रुमाल बांधा. जाड जाकिटाची आपल्याकडे गरज नाही. दहा मिनिटांत अंगाला घाम सुटतो, मग तो ओला कपडा वाऱ्याने गार पडतो आणि खरी हुडहुडी तिथून सुरू होते. पातळ स्वेटर, छातीला वारा फार लागला तर आत वर्तमानपत्राचा घडी केलेला कागद, पेपर टाकणाऱ्या मुलांची ही जुनी युक्ती आजही कामाची आहे. स्वेटरचा रंग पांढरा किंवा पिवळा घ्या. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी धूर आणि धुकं एकत्र बसलेल्या सकाळी सायकल काढू नये. आणि संक्रांतीच्या आठवड्यात रस्त्यावर आडव्या आलेल्या मांज्यासाठी मान झाकलेली ठेवा, नजर समोर ठेवा.

फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे, पार उत्तरेला, कित्येक महिने बर्फाखाली. हिवाळ्यातल्या सायकलींवरची पहिली जागतिक परिषद २०१३ साली तिथेच भरली, कारण तिथली माणसं शून्याच्या खालच्या थंडीतही सायकलवर शाळेत आणि कामावर जातात. तिथे सायकलींसाठी वेगळे रस्ते आहेत, त्यांवर दिवे आहेत, बर्फ पडला की ते साफ केले जातात. त्या देशात अंधारात पायी चालणाऱ्यालाही चमकणारी पट्टी अंगावर वागवावी लागते, तसा कायदाच आहे. आपल्याकडे पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा हायवे रुंद करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. रुंद झालेला रस्ता गाड्यांना सोयीचा, पण सायकलवाल्याला तो ओलांडणं अधिक कठीण. पलीकडे जायची जागा लांब म्हणून लोक उलट्या बाजूने सायकल हाणतात. धुक्यात समोरून गाडी आली तर दोघांनाही वेळ मिळत नाही. लांबचा वळसा घ्या, नाहीतर उतरून, सायकल हातात धरून, थांबून ओलांडा. हायवेवर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टी आणि गावाच्या तोंडाशी दिवे मागण्याचा आपल्याला हक्क आहे आणि ग्रामसभेत तो मांडायला हवा.

जानेवारीत शेताशेतांत पोपट्या लागतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, जाळ आणि गप्पा यांत रात्र कधी होते कळत नाही. परतताना पोरं बिनदिव्याच्या सायकलींवर डबलसीट बसून बांधावरून सरळ हमरस्त्यावर येतात. त्यांना एकेकटं सोडू नका. धाटावला जाणाऱ्या मंडळींसारखी ओळ करा, पुढे एक दिवा, मागे एक लाल बत्ती.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि कारखान्यांच्या मालकांना माझी विनंती आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात आवारातल्या प्रत्येक सायकलीला रेडियमची पट्टी लावून द्या. खर्च अगदी किरकोळ आहे. आणि वाचणाऱ्या तुम्ही, आज रात्री जेवण झाल्यावर सायकलीवर रोजचं सामान बांधा, ती अंधारात उभी करा आणि घरातल्या कुणाला तरी शंभर पावलं मागे जाऊन टॉर्च मारायला सांगा. सायकल दिसली नाही, तर उद्या सकाळी ती बाहेर काढण्याआधी बत्तीची जागा बदला.