अकरावीचं पुस्तक मिटू देऊ नका

‘अकरावीचं काय एवढं, बोर्ड बारावीला असतं,’ हे वाक्य कॉमर्सच्या मुलांच्या घरोघरी ऐकू येतं. आमच्या क्लासचंही तेच धोरण होतं. दिवाळीनंतर अकरावीचं पुस्तक मिटलं आणि थेट भागीदारीची खाती सुरू झाली. रोजकीर्द-खतावणी धावतपळत झाली होती. बँक जुळवणी पत्रक आणि चुकांची दुरुस्ती हे धडे उघडलेच नाहीत. बारावीला मार्क मात्र भरपूर पडले. नमुना ठरलेला असतो: पुनर्मूल्यांकन खातं, भांडवल खाती, नवा ताळेबंद. नुसते आकडे बदलायचे. करारात काही ठरलं नसेल तर भागीदाराच्या कर्जावर ६ टक्के व्याज, हेसुद्धा आम्ही पाठ केलं. ते १९३२च्या भागीदारी कायद्यातून येतं, हे कुणी सांगितलं नाही.

सीए फाउंडेशनच्या तयारीला बसल्यावर सगळं उघडं पडलं. लेखांकनाचा पेपर १०० गुणांचा, आणि त्यात बँक जुळवणी, घसारा, चुकांची दुरुस्ती हे सगळं पुन्हा समोर.

पासबुकाचंच घ्या. बँकेत दहा हजार भरले की आपल्या रोखपुस्तकात बँक नावे पडते, पासबुकात तीच रक्कम जमा दिसते. ‘बँकेचं उलटं असतं, लक्षात ठेवा,’ एवढंच आम्हाला शिकवलं होतं. उलटं काहीच नसतं. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल. पैसे आपण दिले, बँक आपलं देणं लागते, म्हणून देणाऱ्याला जमा. एवढं उमजलं की ओव्हरड्राफ्टचं गणितही सुटतं.

तेरजेचंही तसंच. ती जुळली की मुलं वही मिटतात. पण यंत्राच्या दुरुस्तीचे पाचशे रुपये यंत्र खात्याला नावे टाकले, तरी तेरीज जुळतेच. नफा फुगलेला असतो, ताळेबंदात यंत्राची किंमत वाढलेली असते, आणि त्या वाढीव किमतीवर पुढे घसाराही निघत राहतो.

म्हणून पालकांना कळकळीने सांगते, प्रवेश घेताना फीच्या आधी विचारा: अकरावीचं पुस्तक पूर्ण शिकवणार का? आणि मुलांनो, गाईडमधलं उत्तर बघून गणित उतरवू नका. प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण स्वतःच्या शब्दांत लिहा. ओळखीच्या कुणाचं दुकान असेल तर महिन्याभराची बिलं मागून घ्या आणि खतावणीपर्यंत हाताने न्या. उधारीची परत आलेली एक पेटी कुठल्या पुस्तकात जाते, हे तिथे जितकं पक्कं होतं तितकं वर्गात होत नाही.

बारावी झाली असेल आणि अकरावी अशीच निसटली असेल, तर निकालाची वाट न बघता सहायक पुस्तकं, बँक जुळवणी, घसारा आणि शेवटी चुकांची दुरुस्ती, याच क्रमाने धडे काढा. पहिल्या तिन्हींवर हात बसेपर्यंत चौथा उघडू नका; नोंद कुठून कुठे जायला हवी होती हे दिसल्याशिवाय ती कुठे चुकली हे सापडत नाही.