विद्यार्थ्यांची दृष्टी : सवयी, काळजी व शिक्षकाचे कर्तव्य

शालेय शिक्षण ज्या ज्ञानेंद्रियावर सर्वाधिक अवलंबून असते ते डोळा होय. तथापि ज्या मुलाला फळा अंधुक दिसतो ते मूल आपण होऊन तक्रार करीत नाही. इतरांना किती स्पष्ट दिसते याची त्याला कल्पनाच नसते. ते शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घेते, वाचनात अडखळते आणि हळूहळू 'मठ्ठ' या सदरात जमा होते. बुद्धीचा दोष नसताना असा शिक्का बसणे हा मुलावर मोठा अन्याय आहे, आणि तो टाळणे बहुतांशी शिक्षकाच्या हाती आहे.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरचे उदाहरण घ्यावे. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालील हा मुलूख उसाचा झाला. येथील मुलांच्या डोळ्यांना पोषक अशा गोष्टी गावातच आहेत. त्यांना असलेले काही धोकेही याच परिसरातले आहेत.

स्वच्छता

स्वच्छतेच्या सवयीने काय साधते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. खुपऱ्या या रोगाने पूर्वी असंख्य लोकांची दृष्टी नेली. १९६३ साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून हा रोग दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. औषधांइतकाच यात स्वच्छ पाण्याचा व तोंड धुण्याच्या सवयीचा वाटा आहे. संसर्ग मात्र संपलेला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती. म्हणून प्रत्येक मुलाचा रुमाल वेगळा असावा, हात न धुता डोळे चोळू नयेत, आणि एकाच बोटाने अनेक मुलांना काजळ घालण्याची रीत सोडावी.

आहार

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो व उपेक्षा झाल्यास बुबुळच नासते. दिवेलागणीनंतर मूल ठेचकाळत असेल तर पालकांना विचारणा करावी. शेवग्याचा पाला, मेथी, चाकवत, गाजर, पपई, दूध व अंडी यांतून हे सत्त्व मिळते. पालेभाजीतील सत्त्व अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश लागतो, म्हणून भाजीला तेलाची फोडणी असावी. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाच्या एकूण ९ मात्रा शासनातर्फे दिल्या जातात. शाळेत येणाऱ्या मुलांच्या धाकट्या भावंडांना त्या मिळाल्या की नाही, हे पालकसभेत अवश्य विचारावे.

वाचन व मोकळी हवा

पुस्तक डोळ्यांपासून किमान एक फूट, म्हणजे मोठ्या माणसाच्या सुमारे दीड वितीवर असावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास उजेड डावीकडून मिळावा. फळा काळाभोर असावा व त्यावर उन्हाची तिरीप पडू नये. वीस मिनिटे वाचन झाल्यावर मुलांना खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाकडे क्षणभर पाहावयास सांगावे, त्याने डोळ्यांस विसावा मिळतो. तासन् तास भ्रमणध्वनी जवळ धरून पाहण्याची सवय मोडावी.

याहून महत्त्वाचे आहे ते मैदान. चीनमधील ग्वांगझू शहरातील शाळांत तीन वर्षे प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रोज ४० मिनिटे अधिक काळ उघड्यावर घालविणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लघुदृष्टी जडली. इतर मुलांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. म्हणून खेळाचा तास गणिताला देणे हिताचे नाही. सूर्याकडे मात्र थेट पाहू नये, हेही मुलांना बजवावे.

अपघात

उसाचे पाते डोळ्यास लागले की बुबुळावर ओरखडा उठतो व त्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी दुकानातून आणलेले थेंब घालणे घातक असते. काही थेंबांतील स्टिरॉइड द्रव्याने जखम अधिकच चिघळते. मध, दूध, तूप वा झाडपाल्याचा रस घालू नये. मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

त्याहून भयंकर म्हणजे तंबाखूबरोबरचा चुना. मुले चुन्याची पुडी वा नळी खेळताना दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. तो डोळ्यास खोलवर जाळतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता पापण्या उघड्या धरून किमान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व नंतरच दवाखान्याची वाट धरावी. अगोदर वाहन शोधण्यात गेलेला वेळ डोळा घालवितो.

दृष्टीची तपासणी

१८६२ साली डच नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी दृष्टी मोजण्याचा तक्ता तयार केला. लहान मुलांसाठी इंग्रजी 'ई' अक्षराच्या, निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या आकृत्यांचा तक्ता वापरतात. त्यास अक्षरओळख लागत नाही. तक्ता उजेडात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावा. २० फुटांवर खडूने रेघ ओढून मुलास तेथे उभे करावे. एक डोळा न दाबता तळहाताने झाकावा आणि आकृतीचे तोंड कोणत्या दिशेस आहे हे बोटाने दाखविण्यास सांगावे. नंतर दुसऱ्या डोळ्याची परीक्षा घ्यावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेल्या परीक्षेत एका डोळ्याचा दोष लपून राहतो.

एका डोळ्याचा दोष किंवा तिरळेपणा वेळीच सुधारला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचा उपयोग करणे सोडून देतो. उपचाराचा सर्वाधिक लाभ सात-आठ वर्षांच्या आत होतो. 'तिरळेपणा शुभ असतो', 'वय वाढले की आपोआप जाईल' हे समज म्हणून घातक ठरतात. तसेच चष्म्याने नंबर वाढत नाही व नेत्रव्यायामाने चष्मा सुटत नाही, हे पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, समजावून सांगावे.

१९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय तपासणीचा व गरजू मुलांना विनामूल्य चष्मे देण्याचा समावेश आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकेही शाळांत येतात. परंतु पथक वर्षातून एकदा येते, शिक्षक रोज असतो. म्हणून सत्रारंभी पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाची तपासणी करावी, दोष आढळलेल्या मुलांची वेगळी यादी ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे डॉक्टरांस दाखविल्याची तारीख व चष्मा मिळाल्याची तारीख नोंदवावी. या दोन्ही तारखा भरल्या जाईपर्यंत मुलास पहिल्या रांगेत बसवावे, आणि तोवर त्याच्या प्रगतीविषयी कोणताही प्रतिकूल शेरा मारू नये.