नव्या ट्रकमालकाला आत्याचा कानमंत्र

दोनाच्या पाच गाड्या झाल्या, तेव्हापासून जेवतानाही तुझा डोळा फोनमधल्या गाड्यांच्या नकाशावर. फोन जरा पालथा ठेव आणि ऐक.

१. डॅशबोर्डखालची जीपीएसची डबी किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून जागा काढते आणि आतल्या सिमवरून कळवते — म्हणजे वरून कुणी बघत नाही, गाडीच आपला ठावठिकाणा सांगते.

२. डबी पत्र्याच्या आड बसवू देऊ नकोस — तिला आभाळ मोकळं लागतं, नाहीतर गाडी कळंबोलीत आणि नकाशावरचा टिपका खाडीत.

३. सिमची मुदत विमा-पासिंगच्या तारखांशेजारी लिहून ठेव — रिचार्ज चुकला, ट्रक मुकला.

४. कसारा घाटात टिपका थबकला तर लगेच फोन लावू नकोस — रेंज गेली की डबी नोंदी साठवते (या डब्यांसाठीच्या एआयएस-१४० मानकाप्रमाणे किमान ४०,०००) आणि रेंज आली की पाठवते. घाटात गाडी, मालकाने जीभ आवरावी थोडी.

५. टाकीतल्या डिझेलची आलेखातली रेघ बघायला शिक, बाळा, भांडणं तिथेच होतात. चढावर टाकी कलते, डिझेल एका अंगाला जातं, रेघ खाली येते आणि सपाटीला पुन्हा वर चढते. ती चोरी नव्हे. गाडी उभी, इंजिन बंद आणि रेघ कड्यासारखी तुटली, परत चढलीच नाही, तर मात्र विचार. त्याआधी पंपाची पावती आणि सेन्सर दोन्ही तपास — बसवताना रिकाम्या टाकीत वीस-वीस लिटर मापून ओतलं नसेल, तर आकडेच खोटे असतात. ड्रायव्हरवर घेतलेला आळ मागे घेता येत नाही रे.

६. इग्निशनची वायर जोडली आहे ना, स्वतः बघ — नाहीतर लोडिंगच्या रांगेत इंजिन सुरू ठेवून गाडी किती वेळ उभी होती, ते कळत नाही.

७. समृद्धी महामार्गावर वेगाचा इशारा ताशी ८० ला लाव — अवजड मालगाडीला मर्यादा तेवढीच आहे.

८. बॅटरी तोडल्याचा इशारा रात्रीही वाजला पाहिजे — एआयएस-१४० मानकाची डबी आतल्या बॅटरीवर चार तास चालते, तेवढ्यात पोलिसांना ठिकाण सांगता येतं. मेकॅनिक बॅटरी काढणार असेल तर ड्रायव्हरने आधी कळवायचं, एवढी शिस्त लाव.

९. ड्रायव्हरलाही तो नकाशा दाखव — लपवून ठेवलेली नजर त्याला बोचते, दाखवलेली चालते. रात्रभर गाडी न थांबता चाललेली दिसली, तर धाबा आला की झोप, असा निरोप तूच दे.

१०. माल उतरवायला गोदामाबाहेर गाडी अडकली, तर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ त्याच दिवशी छापून बिलाला जोड — महिन्याने मागितलेले हॉल्टिंगचे, म्हणजे खोळंब्याचे, पैसे कुणी देत नाही. आणि आलेल्या पैशातून ड्रायव्हरचा वाटा आधी काढ, तिष्ठत तो बसला होता.